बिको खुर्चीवर बसले म्हणून

दक्षिण आफ्रिकेचा विषय निघाला की आपल्याकडच्या प्रस्थापित वर्तमानपत्रांना आगगाडीतून उतरवून दिलेले गांधी आठवतात, फार तर नेल्सन मंडेला आठवतात. स्टीव्ह बिको यांचे नाव सहसा कोणी घेत नाही. काळ्या माणसाच्या मनात रुजवलेली गुलामी हाच गोऱ्या सत्तेचा खरा आधार आहे, हे या माणसाने ओळखले. तो आधार उखडून काढायला त्यांनी वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी हात घातला आणि त्यापायी तिसाव्या वर्षी पोलिसांच्या ताब्यात जीव गमावला. अशा माणसाची ओळख फुले-आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला असलीच पाहिजे. १९७२ नंतर आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव होते आणि ते योग्यच होते. परंतु त्याच वर्षांत दर्बान शहरात जे चालले होते ते आपल्या दुखण्याच्या अधिक जवळचे होते, असे मला वाटते.

बिको यांचा जन्म १८ डिसेंबर १९४६ चा. लहानपण गेले ते किंग विल्यम्स टाउन या गावाला लागून असलेल्या गिन्सबर्ग या काळ्यांच्या वस्तीत. पूर्ण नाव स्टीफन बंटू बिको. त्यांच्या खोसा भाषेत बंटू म्हणजे माणसे. वडील आधी पोलीस होते, पुढे सरकारी कचेरीत कारकून झाले आणि नोकरी सांभाळून पत्राद्वारे कायद्याचा अभ्यास करू लागले. मुलगा चार वर्षांचा असतानाच, १९५० साली, ते वारले. आई ॲलिस हिने गोऱ्यांच्या घरची कामे केली, नंतर गावातल्या ग्रे हॉस्पिटलात स्वयंपाकीण म्हणून राबली आणि चार मुले वाढवली. आपल्या किती घरांची हीच कहाणी आहे! ज्या पोलीस खात्याची बापाने चाकरी केली, त्याच खात्याने पुढे मुलाचा जीव घेतला.

पोलिसांशी पहिली गाठ शाळकरी वयातच पडली. वस्तीतल्या लोकांनी पैसे उभे करून या हुशार मुलाला लव्हडेलच्या नावाजलेल्या शाळेत पाठवले होते. थोरला भाऊ खाया तिथेच शिकत होता. भावाचा बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध आहे, या संशयावरून पोलिसांनी दोघांनाही उचलले. स्टीव्ह यांच्याविरुद्ध काहीच निघाले नाही. तरीही तीन महिन्यांत शाळेने त्यांना काढून टाकले. पोलिसांनी नुसते उचलले एवढ्यावर विद्यार्थ्याचे नाव कमी करणारी शाळा आणि नोकरीवरून काढणारा मालक आपणही पाहिलेला आहे. त्यानंतर नाताळ प्रांतातल्या मारियनहिलच्या कॅथलिक शाळेत ते शिकले आणि १९६६ मध्ये दर्बानच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. नाताळ विद्यापीठाचा हा विभाग गोरे नसलेल्यांसाठी वेगळा काढलेला होता.

त्या काळी विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना होती नुसास. तिचे पुढारी उदारमतवादी गोरे होते. वर्णद्वेषाचा निषेध करणारे ठराव ते दरवर्षी मंजूर करत. १९६७ साली ऱ्होड्स विद्यापीठात या संघटनेचे अधिवेशन भरले. गोऱ्या प्रतिनिधींची सोय विद्यापीठाच्या वसतिगृहात झाली आणि काळ्यांना मुक्कामासाठी दूर वस्तीतल्या चर्चच्या इमारतीत जावे लागले. अधिवेशन तहकूब करा, अशी सूचना बिको यांनी मांडली. ती फेटाळली गेली. निषेध झाला, सभा चालू राहिली. या प्रसंगाने बिको यांचे डोळे उघडले. ज्याच्या पायात काटा आहे त्याच्या वतीने ज्याला काटा कधी टोचलाच नाही त्याने बोलायचे, आणि कधी थांबायचे हेही त्यानेच ठरवायचे, ही व्यवस्था त्यांनी नाकारली. १९३२ मध्ये निघालेल्या हरिजन सेवक संघाचा कारभार सवर्णांच्या हाती राहिला, तेव्हा बाबासाहेबांनी त्यापासून का फारकत घेतली हे ज्याला कळले आहे, त्याला बिको समजावून सांगावे लागत नाहीत.

१९६८ च्या अखेरीस मारियनहिलला काळ्या विद्यार्थ्यांची वेगळी संघटना उभी राहिली. तिचे नाव सासो. १९६९ साली बिको तिचे पहिले अध्यक्ष झाले. एक वर्षाने त्यांनी खुर्ची बार्नी पित्याना या सहकाऱ्याकडे दिली. वर्षाचे वर्ष अध्यक्षपदाला चिकटून बसणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. पुढे संघटनेच्या पत्रिकेत ते टोपणनावाने सदर लिहू लागले. गोऱ्यांच्या राज्यात काळा माणूस स्वतःकडे गोऱ्याच्या नजरेने पाहायला शिकतो, आपण कमी आहोत हे स्वतःच मान्य करतो आणि तेथेच तो हरतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. कायदे बदलण्याआधी ही नजर बदलली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून जी चळवळ उभी राहिली तिला ब्लॅक कॉन्शसनेस, म्हणजे काळ्यांच्या आत्मभानाची चळवळ, म्हणतात.

काळा कोण, या प्रश्नाला सासोने दिलेले उत्तर आपल्यासाठी फार महत्त्वाचे आहे. कातडीच्या रंगावर त्यांनी व्याख्या केली नाही. कायद्याने आणि रूढीने ज्यांना दडपले आहे आणि ज्यांनी त्याविरुद्ध एकत्र उभे राहायचे ठरवले आहे, ते सारे काळे. त्यात आफ्रिकी आले, मिश्रवंशीय आले आणि भारतीय वंशाचे लोकही आले. हे भारतीय म्हणजे मुख्यतः नाताळच्या ऊसमळ्यांवर गिरमिटिया म्हणून नेलेल्या मजुरांची नातवंडे-पतवंडे. साथ्स कूपर, स्ट्रिनी मूडली ही या चळवळीची पहिल्या फळीतली नावे त्यांतलीच. तिकडे ही व्याख्या ठरत होती आणि इकडे १९७३ मध्ये दलित पँथरच्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांचा समावेश केला जात होता. दोघांनी एकमेकांचे कागद वाचले होते असे मी म्हणत नाही. दुखणे एक असले की निदानही जवळपास एकच निघते.

१९७२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाने बिको यांना काढून टाकले. त्यांचे लक्ष आता पूर्णपणे वस्त्यांतल्या कामाकडे वळले होते. मार्च १९७३ मध्ये सरकारने त्यांच्यासह आठ तरुण नेत्यांवर बंदीहुकूम बजावला. या हुकुमाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. किंग विल्यम्स टाउनची हद्द ओलांडायची नाही. एका वेळी एकापेक्षा जास्त माणसांशी बोलायचे नाही. त्यांनी लिहिलेला किंवा उच्चारलेला एक शब्दही कोणी छापायचा नाही. खटला नाही, आरोपपत्र नाही, न्यायालय नाही. गावातल्या गावात जिवंत माणूस पुरून टाकण्याची ही रीत होती.

पण हा माणूस गप्प बसला नाही. गावाजवळच्या झिन्योका येथे १९७५ मध्ये झानेम्पिलो नावाचा दवाखाना सुरू झाला. डॉ. मांफेला राम्फेले तिथे काम पाहत. काळ्यांनी काळ्यांसाठी उभारलेला हा दवाखाना होता आणि आसपासच्या खेड्यांतल्या बाया बाळंतपणासाठी तिथे येत. राजकीय कैद्यांच्या कुटुंबांना आधार देण्यासाठी झिमेले नावाचा निधी उभा राहिला. तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्याच्या घरी चूल पेटते की नाही, हे पाहणारी चळवळच टिकते. आपल्याकडे हे काम किती जणांनी केले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. बिको स्वतः पत्राद्वारे कायद्याचा अभ्यास करत होते, वडिलांनी केला होता तसाच.

या निधीचे काम पाहणारे मापेत्ला मोहापी हे बिको यांचे जवळचे सहकारी. त्यांना १९७६ मध्ये पोलिसांनी पकडले आणि ५ ऑगस्टला केई रोडच्या पोलीस ठाण्यात ते मरण पावले. स्वतःच्या पँटने गळफास घेतला, असे पोलिसांनी सांगितले. कैद्यांच्या बायकामुलांची काळजी घेणाऱ्या माणसाची बायको अशी विधवा झाली. त्याच महिन्यात बिको यांनाही उचलण्यात आले आणि १०१ दिवस आरोपाशिवाय डांबून ठेवले.

हे सगळे ज्या कायद्याच्या आधाराने चालत होते तो म्हणजे १९६७ चा दहशतवादविरोधी कायदा आणि त्याचे सहावे कलम. या कलमाखाली पकडलेल्या माणसाला पोलीस वाटेल तितके दिवस ठेवू शकत. वकील भेटू शकत नव्हता, घरचे भेटू शकत नव्हते, न्यायालय दखल घेऊ शकत नव्हते. १९६३ पासून राजकीय कैदी कोठडीत मरू लागले होते आणि बिको यांच्या आधी चाळीसच्या आसपास माणसे अशी गेली होती. प्रत्येकाची सरकारी कारणे तयार असत. कोणी आंघोळीच्या वेळी साबणावरून पाय घसरून पडला. कोणी जिन्यावरून गडगडला. भारतीय वंशाचे शिक्षक अहमद तिमोल १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून खाली पडून मेले. त्यांनी उडी मारली असा निष्कर्ष १९७२ च्या चौकशीत निघाला. तो खोटा होता, त्यांना ढकलण्यात आले होते, हे न्यायालयाने मान्य करायला २०१७ साल उजाडले.

१८ ऑगस्ट १९७७ च्या रात्री ग्रॅहमस्टाउनजवळच्या नाकेबंदीत बिको आणि त्यांचे सहकारी पीटर जोन्स यांची मोटार अडवली गेली. बंदीहुकूम मोडून दोघे केपटाउनहून परतत होते. तिथून त्यांना पोर्ट एलिझाबेथला नेले. वॉल्मर पोलीस ठाण्याच्या कोठडीत बिको यांना पूर्ण विवस्त्र ठेवण्यात आले. ते जिवाचे काही करून घेतील म्हणून कपडे दिले नाहीत, असा खुलासा पुढे झाला. वीस दिवस ते असेच होते. हिंडाफिरायला बाहेर काढले नाही. २ सप्टेंबरला एक मॅजिस्ट्रेट कोठडी तपासायला आला. बिको यांनी त्याच्याकडे अंग धुण्यासाठी पाणी आणि साबण मागितला, नुसत्या पावावर राहावे लागते अशी तक्रार केली आणि विवस्त्र राहण्याची सक्ती आहे काय, असेही विचारले. मॅजिस्ट्रेटने ते टिपून घेतले आणि तो निघून गेला. पुढे काही झाले नाही. आपल्याकडे आरोपीला रिमांडसाठी उभे केले की मारहाण झाली का हा प्रश्न विचारण्याची पद्धत आहे. मागे तेच पोलीस उभे असतात. उत्तर काय येणार हे सर्वांना ठाऊक असते आणि कागदावर ते व्यवस्थित लिहिले जाते.

६ सप्टेंबरला बिको यांना सॅनलॅम इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, खोली क्रमांक ६१९ मध्ये नेले. तिथे काय झाले हे बाहेर यायला वीस वर्षे लागली, तेही मारणाऱ्यांच्याच तोंडून आणि अर्धवट. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना वाटत होते की कैद्याने उभे राहावे. बिको समोरच्या खुर्चीवर बसले. उठायला सांगितले तरी उठले नाहीत. तिथून झटापट सुरू झाली, असे त्यांच्यापैकीच एकाने पुढे सत्यशोधन आयोगापुढे सांगितले.

खुर्चीवर बसले! ज्यांच्या आज्याला पाटलाच्या वाड्यासमोर जमिनीवर बसावे लागत होते, ज्यांच्या बापाला चावडीवर बाकावर टेकता येत नव्हते, त्यांना यातला अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. बिको यांनी आठ-नऊ वर्षे जे लिहिले, जे सांगितले, ते सगळे त्या एका बसण्यात आले होते, आणि समोरच्या माणसांनाही ते बरोबर कळले होते. पाच जण त्यांच्यावर तुटून पडले. डोके भिंतीवर आदळले. मेंदूला जबर मार बसला. त्या अवस्थेत हातपाय बेड्यांनी दाराच्या लोखंडी जाळीला बांधून त्यांना उभे ठेवले.

इथवर जे घडले ते पोलिसी क्रौर्य होय. ते नवे नाही. पुढचे सहा दिवस मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहेत, कारण त्या सहा दिवसांत त्यांना वाचवण्याची संधी पुन्हा पुन्हा आली आणि ती शिकल्यासवरलेल्या माणसांनी घालवली.

७ तारखेला सकाळी सुरक्षा पोलिसांचा प्रमुख कर्नल गूसेन याने जिल्हा शल्यचिकित्सक डॉ. आयव्हर लँग यांना बोलावले. ओठ फाटलेला, छातीवर मार, हातपाय सुजलेले, बोलणे जड झालेले, चालताना तोल जात होता. हे सगळे डॉक्टरांनी पाहिले आणि तपासणीत काहीही वावगे आढळले नाही, असा दाखला लिहून दिला. गूसेनला असाच दाखला हवा होता. दुसऱ्या दिवशी लँग यांचे वरिष्ठ डॉ. बेंजामिन टकर आले. कैदी लघवीने भिजलेल्या चटईवर पडलेला होता. तळपायाच्या तपासणीत मेंदूला इजा झाल्याची खूण दिसत होती. त्यांना तुरुंगाच्या दवाखान्यात हलवले. तिथे तज्ज्ञाने तपासले, ९ तारखेला पाठीतून पाणी काढले तर त्यात रक्ताचा अंश निघाला. वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही यातून काय समजायचे ते समजेल. बिको स्वतः काही वर्षांपूर्वी तो विद्यार्थी होते. तरीही बाहेरच्या मोठ्या रुग्णालयात नेण्याला गूसेनने नकार दिला आणि डॉक्टरांनी मान डोलावली. ११ तारखेला सकाळी त्यांना पुन्हा वॉल्मरच्या कोठडीत आणून जमिनीवर टाकले. तिथे ते तोंडातून फेस येत असलेल्या अवस्थेत सापडले.

मग ठरले की त्यांना प्रिटोरियाच्या तुरुंग-रुग्णालयात पाठवायचे. अंतर हजार किलोमीटरहून अधिक. टकर यांनी मोटारीने नेण्याला हरकत घेतली नाही. लँडरोव्हरच्या मागच्या भागात विवस्त्र, बेड्या घातलेला, अर्धवट शुद्धीतला माणूस टाकला आणि रात्रभर गाडी चालवली. बरोबर डॉक्टर नाही, नर्स नाही, तपासणीचे कागद नाहीत. होती ती पाण्याची एक बाटली. प्रिटोरियात ज्या डॉक्टरने पाहिले त्याला कैद्याने उपोषण केले आहे असे सांगण्यात आले, म्हणून त्याने सलाइन लावले आणि जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले. १२ सप्टेंबरच्या रात्री बिको चटईवर एकटेच मरण पावले. वय तीस वर्षे. मागे पत्नी न्त्सिकी आणि लहान मुले.

पोलीसमंत्री जिमी क्रूगर याने जाहीर केले की अन्नत्यागाने मृत्यू झाला. या मरणाचे आपल्याला काही वाटत नाही, असेही त्याने पक्षाच्या मेळाव्यात सांगितले आणि सभेत हशा पिकला. शवविच्छेदन झाले तेव्हा घराण्याच्या वतीने डॉ. जोनाथन ग्लुकमन हजर होते. मेंदूवरच्या जखमा निघाल्या आणि उपोषणाची कथा कोसळली. २५ सप्टेंबरला किंग विल्यम्स टाउनमध्ये अंत्ययात्रा निघाली. ठिकठिकाणी बसगाड्या अडवून पोलिसांनी हजारोंना परत पाठवले, तरी सुमारे वीस हजार माणसे जमली. महिन्याभरातच, १९ ऑक्टोबरला, सरकारने सासोसह अठरा संघटनांवर बंदी घातली आणि काळ्यांचे वर्तमानपत्र बंद पाडले. नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने दक्षिण आफ्रिकेला शस्त्रे विकण्यावर सक्तीची बंदी घातली.

मृत्यूची न्यायालयीन चौकशी १४ नोव्हेंबर १९७७ ला प्रिटोरियात सुरू झाली. बिको कुटुंबाच्या वतीने वकील शुन चेट्टी यांनी सिडनी केन्ट्रिज आणि जॉर्ज बिझोस यांना उभे केले. हे चेट्टीही भारतीय वंशाचेच. केन्ट्रिज यांनी गूसेनला विचारले की माणसाला दोन दिवस साखळीने बांधून ठेवण्याची परवानगी कोणत्या कायद्यात आहे. आपण कायद्यांखाली काम करत नाही, असे तो बोलून गेला. उभ्या चौकशीत तेवढेच वाक्य खरे होते म्हणायचे. २ डिसेंबरला मॅजिस्ट्रेट मार्टिनस प्रिन्स याने निकाल वाचला. त्याला तीन मिनिटे पुरली. मेंदूला इजा झाल्याने मृत्यू झाला, पण त्याला कोणी जबाबदार असल्याचे सिद्ध होत नाही. पोलीस सुटले. डॉक्टर सुटले.

डॉक्टरांची गोष्ट मात्र तिथे संपली नाही आणि मला स्वतःला तो भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कैद्याच्या छळात डॉक्टरने कोणत्याही प्रकारे सामील होऊ नये, अशी टोकियोची घोषणा जागतिक वैद्यक संघटनेने १९७५ मध्येच केली होती. असे असताना १९८० साली दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यक परिषदेने लँग आणि टकर यांच्याविरुद्ध कारवाई करण्यासारखे काही नाही, असे ठरवून प्रकरण बंद केले. त्याविरुद्ध काही डॉक्टर उभे राहिले. त्यांत फ्रान्सेस एम्स, ट्रेव्हर जेन्किन्स, फिलिप टोबायस यांच्यासारखे गोरे प्राध्यापक होते आणि युसुफ वेरियावा, दुमिसानी म्झाना यांच्यासारखे डॉक्टरही होते. नोकरीला धोका होता. तरी त्यांनी स्वतःच्या व्यवसायाच्या परिषदेला न्यायालयात खेचले. १९८५ च्या जानेवारीत न्यायालयाने परिषदेचा निर्णय रद्द केला. पुन्हा चौकशी झाली, लँग यांना ताकीद मिळाली आणि टकर यांचे नाव त्याच वर्षी डॉक्टरांच्या यादीतून काढले गेले. शिक्षा थोडी होती, उशिराही होती. पण त्यानंतर कोठडीतल्या माणसाचा दाखला लिहिताना त्या देशातल्या डॉक्टरला हात थांबवून विचार करावा लागला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्याचा निकाल १८ डिसेंबर १९९६ रोजी दिला. बिको असते तर त्या दिवशी पन्नास वर्षांचे झाले असते. हा योगायोग सोडून देऊ. अटकेचा पंचनामा करा, नातेवाइकांना कळवा, दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करा, अशी बंधने त्या निकालाने पोलिसांवर घातली. २००५ च्या दुरुस्तीने कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. कागद भरपूर आहे. आणि परभणीत काय झाले? १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर वस्त्यांतून तरुण उचलले गेले आणि १५ तारखेला त्यांतला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. छातीत दुखू लागले, असे आधी सांगण्यात आले. शवविच्छेदनाने अनेक जखमांच्या धक्क्याने मृत्यू झाल्याचे नोंदवले. त्याची आई न्यायालयात गेली, ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी तिची बाजू मांडली, तेव्हा ४ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. एक एफआयआर नोंदवून घ्यायला सात महिने आणि दोन न्यायालये लागली. अटकेपासून मृत्यूपर्यंत त्या पोराला कोणी कोणी तपासले, कोणी काय लिहिले, कोणी सही केली, याची यादी आपल्या कार्यकर्त्यांनी आणि वकिलांनी कायम हातात ठेवावी. फक्त काठी उगारणाऱ्याचे नाव घेऊन भागत नाही.

बिको यांच्यावर डॉनल्ड वुड्स या गोऱ्या संपादकाने पुस्तक लिहिले आणि त्यावरून १९८७ मध्ये गांधी चित्रपटाच्याच दिग्दर्शकाने चित्रपट काढला. तो जरूर पाहावा. फक्त त्यात अर्ध्यावर बिको मरतात आणि नंतरची सारी कथा त्या संपादकाच्या पलायनाची होते, हेही पाहावे. वुड्स यांनी धोका पत्करला होता, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण काळ्या माणसाच्या वतीने कोणी बोलायचे, हा ऱ्होड्स विद्यापीठातला प्रश्न चित्रपटाच्या पडद्यापर्यंत आला तो असा.

वर्णद्वेषी राजवट गेली, १९९४ मध्ये मतदान झाले आणि सत्यशोधन व सलोखा आयोग आला. गुन्हा पूर्णपणे कबूल करा आणि माफी घ्या, अशी त्याची रीत. बिको कुटुंबाने ती मान्य केली नाही. आम्हाला न्यायालयात न्याय हवा, असे म्हणून ते घटनापीठाकडे गेले आणि १९९६ मध्ये हरले. १९९७ मध्ये पाच माजी पोलिसांनी माफीचे अर्ज केले. पूर्वी खोटी प्रतिज्ञापत्रे दिली होती हे त्यांनी मान्य केले, खुर्चीची हकीकत सांगितली, पण मृत्यू अपघाताने झाला हा हेका सोडला नाही. १९९९ मध्ये त्यांचे अर्ज फेटाळले गेले. माफी नाही, तेव्हा खटला व्हायला हवा होता. २००३ मध्ये काळ्यांच्याच सरकारच्या काळात सरकारी वकिलांनी पुरावा अपुरा असल्याचे सांगून हात झटकले. या काळात पाचांपैकी काही जण मरूनही गेले.

१२ सप्टेंबर २०२५ रोजी, बरोबर ४८ वर्षांनी, बिको यांच्या मृत्यूची चौकशी पोर्ट एलिझाबेथच्या उच्च न्यायालयात पुन्हा उघडण्यात आली. त्या शहराचे नावही आता बदलले आहे. वडील गेले तेव्हा सहा वर्षांचा असलेला थोरला मुलगा नकोसिनाथी याने तोवर वयाची पन्नाशी ओलांडली होती.